आत : १

मोठ्याबाईंच्या मुलाला कुठलीच गोष्ट एकदा करून भागत नसे. दिव्याचं बटण दोनदा दाबायचं, कडी लावली की दोनदा ओढून बघायची, फोन ठेवताना "ठेवतो, ठेवतो". जेवायला हाक मारली की "आलो आलो" दोनदा, आणि यायचा एकदाच, तोही ताट गार झाल्यावर. गोदामातली माणसं त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे डबल. मोठ्याबाईंना हे ठाऊक होतं. नाव कुणी ठेवलं तेही ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच ठेवलं होतं.

लहानपणी वाटलं, वाढेल तशी खोड मोडेल. कसली मोडते! चाळिशी आली, चष्मा लागला, आता तो चष्माही दोनदा पुसतो. माणसानं एकदा करावं आणि नीट करावं. ज्याला दुसऱ्यांदा करावं लागतं, त्याचं पहिल्यांदा करताना लक्ष कुठे असतं?

घरचा धंदा थंड गोदामाचा. गावाबाहेर मालधक्क्याच्या रस्त्याला खिडक्या नसलेली एक सिमेंटची इमारत, तिला एकच दार. दार वीतभर जाड, बाहेरून लोखंडी अडसर. आतून उघडायला मूठ आहे, पण बाहेरचा अडसर पडला की ती नुसती हातात फिरते. दारामागे प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा, आणि त्यापलीकडे बियाण्याच्या बटाट्यांच्या पोत्यांच्या अकरा रांगा, तीन अंशांवर झोपलेल्या. कॉम्प्रेसर दिवसभर एका सुरात घुमतो. नव्या माणसाचं डोकं उठतं. मोठ्याबाईंचं उलट होतं, घरी गेल्यावर ती घुमघुम नाही म्हणून त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दारालगतच्या बोळात एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटरचा जुना पडदा आणि कळफलक. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, चित्र नाही की रंग नाही. जाडे हातमोजे घालून काम करणाऱ्यांना चित्रं काय करायची! प्रत्येकाच्या छातीवर नंबरचा बिल्ला. आत जाताना आपला नंबर दाबायचा, मग 'आत', मग एंटर. येताना नंबर, 'बाहेर', एंटर. एंटर दाबलं की मशीन एकदा टिट् करायचं. पडद्याच्या खालच्या ओळीत लिहून यायचं, आत किती.

मुलाचा नंबर दोन. त्याची नोंद अख्ख्या गोदामाला ऐकू यायची. टिट्-टिट्. दुसऱ्या एंटरनं काही व्हायचं नाही, नुसता आवाज.

"मोठ्याबाई, एक एंटर साहेबांचं," मुकादम एकदा म्हणाला होता. "दुसरं कुणाचं हो?"

"तुझ्या सासऱ्याचं," मोठ्याबाई म्हणाल्या. "पोती उचल."

संध्याकाळी सहाला अडसर पडायचा, आणि तो मोठ्याबाईच टाकायच्या. त्याआधी पडद्यावर शून्य दिसलं पाहिजे. शून्य नाही, तर दार लागणार नाही. मग आभाळ कोसळो.

या नियमाला कारण होतं. चाळीस वर्षांपूर्वी ना बिल्ले होते ना मशीन. सासरे नजरेनं माणसं मोजायचे. मोठ्याबाईंना सातवा महिना होता. पोती मोजायला अकराव्या रांगेत गेल्या, आणि सासऱ्यांनी अडसर टाकून दिला. दोन तास. दार उघडलं तेव्हा सासरे उंबऱ्यातून आत डोकावत म्हणाले, "एकटीच होतीस ना?" मोठ्याबाईंचे दात वाजत होते. पोटावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "दोघं होतो." सगळे हसले. मोठ्याबाई तेव्हा हसल्या नाहीत, आणि पुढेही त्या गोष्टीवर कुणाला हसू दिलं नाही.

सोमवारी सहा वाजता पडद्यावर आलं, आत : १.

वरती आत असलेल्यांच्या नंबरांची यादी असते. ती रिकामी होती. नंबर एकाचाही नाही, आणि माणूस एक.

"मशीन येडं झालं," मुकादम म्हणाला.

"ते येडं की तू, ते बघून ये," मोठ्याबाई म्हणाल्या.

मुकादम आणि दोघे हमाल बॅटऱ्या घेऊन अकरा रांगा फिरले. पोत्यांमागे बघितलं, पंख्यांखाली बघितलं. पन्नास मिनिटं गेली. सगळी माणसं बाहेर आणून रस्त्यावर रांगेत उभी केली, मोठ्याबाईंनी बोटानं मोजली. बरोबर होती. तेवढ्यात दार उघडं राहून आतला पारा सहावर चढला. शेवटी मशीन बंद करून चालू केलं, तेव्हा कुठे शून्य आलं आणि अडसर पडला.

मंगळवारी पुन्हा एक. बुधवारी पुन्हा एक. रोज शोधाशोध, रोज पारा वर. मशीन बंद-चालू करून मिळालेलं शून्य मोठ्याबाईंना पहिल्या दिवशीही गोड लागलं नव्हतं. बुधवारी त्यांनी सुनेला बोलावलं.

सून प्रोग्रॅम लिहिणारी. गोदामाचा हा प्रोग्रॅम पाच वर्षांपूर्वी तिनंच केला होता. बाई हुशार, पण बोलायला लागली की समोरच्याला झोप येईल असं बोलायची. बोळात मांडीवर लॅपटॉप घेऊन ती बसली.

"आई, आकडा खरा नाहीये. मागचा एक पडद्यावर चिकटून राहिलाय. तो पुसलाच जात नाहीये."

"का नाही पुसला जात? तू पुसत नाहीस?"

"मी नाही पुसत. मी चित्र काढतच नाही. पडद्यावर लिहायला तयार लायब्ररी असते, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. मी तिला सांगते, अमुक ओळीत अमुक अक्षर ठेव. ती ठेवते. आणि ती कामचुकार असते, जेवढं बदललंय असं तिला वाटतं तेवढंच पुन्हा लिहिते."

"म्हणजे रंगारी ठेवलायस."

"हो. तसंच."

"मग रंगाऱ्याला विचार, कुठे कुठे ब्रश मारलास म्हणून. माझं डोकं कशाला खातेस?"

सून हसली. "तेच करणार आहे. पण पडद्यावर विचारता येत नाही ना. बिघाड ज्या पडद्यात आहे, त्याच पडद्यावर मी काही छापलं तर सगळंच विस्कटतं. म्हणून लायब्ररीत ट्रेस असतो. तो चालू केला की ती आपलं एकेक काम गुपचूप एका फाइलमध्ये लिहीत जाते. इथे गेले, हे अक्षर ठेवलं, कळ दाबायची वाट बघतेय, कळ आली. सगळं."

गुरुवारचा दिवस ट्रेसवर गेला. सकाळी सुनेनं तो चालू केला आणि दुपारी फाइल उघडली, तर कोरी. एक ओळ नाही. तिनं तीनदा तपासलं, केस ओढले, कुणालातरी फोन लावला. मग कळलं, की साध्या लायब्ररीला ट्रेस कर म्हणून सांगितलं तर ती मान डोलवते आणि करत काहीच नाही. तपासणीची लायब्ररी वेगळी, ती वेगळी जोडावी लागते.

"म्हणजे सकाळपासून बहिऱ्याला हाका मारत होतीस," मोठ्याबाई म्हणाल्या.

सुनेचे कान लाल झाले.

शुक्रवारी वेगळी लायब्ररी जोडली, तर मशीन बैलगाडी झालं. एक कळ दाबली की ते शंभर ओळी लिहायचं आणि मग टिट् करायचं. दारात हमालांची रांग लागली. पाठीवर पोती, आणि पुढचा माणूस एंटर दाबून देवाची वाट बघतोय तशी मशीनची वाट बघतोय. मुलगा ऑफिसातून तरातरा आला. त्याला बघून हमाल टेबलापासून लांब सरले.

"आई, उद्या व्यापारी माल बघायला येणार आहे! पारा सातवर गेलाय. एका जरी पोत्यात कोंब दिसला तरी तो सगळा माल उचलून दुसरीकडे नेईल. कळतंय का तुला, कळतंय का?"

"एकदा विचार. बहिरी मी नाही, तिची लायब्ररी आहे."

"एका आकड्यापायी धंदा बुडवायला निघालीस तू. आत कुणी नाहीये! पाच दिवस बघतोय आपण. कुणी नाहीये, कुणी नाहीये!" दोन्ही हात वर करून तो ओरडत होता, पंजे उघडे. चष्मा नाकावर घसरला होता. मधल्या टेबलावर मशीन टिट्-टिट् करून गप्प झालं. "तुझ्या त्या दोन तासांची शिक्षा तू सगळ्यांना आयुष्यभर देणार आहेस."

तो चष्मा पुसत, पुन्हा पुसत निघून गेला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं होती.

दुपारी सुनेनं फाइल कागदावर छापून काढली, लॅपटॉपवर बघून तिचे डोळे फुटायची वेळ आली होती. कागद टेबलावर मावेनात. बोळाच्या फरशीवर पसरले, त्यांवर बटाटे तोलायची वजनं ठेवली. मोठ्याबाई स्टूल ओढून बसल्या. शाळा चौथीत सुटली होती, आणि हे तर सगळं इंग्रजीच.

"यातलं मला काय कळणार?"

"वाचू नका तुम्ही. नुसते कंस बघा," सून म्हणाली. "लायब्ररी एखाद्या कामाला गेली की हा असा कंस उघडतो. काम करून परत आली की हा असा मिटतो. प्रत्येक गेलेलं परत आलं पाहिजे. शेवटी एक उघडा राहतो, कारण मशीन आत्ताही कुणीतरी कळ दाबेल म्हणून वाट बघतंय. तेवढा सोडून द्यायचा."

"गेला, आला. गेला, आला." मोठ्याबाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "एवढं मला चौथीवर जमतं. आयुष्यभर दुसरं केलंय काय!"

दोघी चार वाजेपर्यंत बसल्या. सून भराभर चाळत होती आणि चिडत होती. कारण आकडा ठेवायचा हुकूम जिथे जिथे सापडला तिथे तिथे तो बरोबर होता. सगळे बाहेर आले की प्रोग्रॅम शून्यच ठेव म्हणत होता. रंगारीही शून्यच ठेवत होता, आणि पडद्यावर एक दिसत होता. "शक्य नाही," ती म्हणायची, "शक्यच नाही," आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायची. मोठ्याबाई घाई करत नव्हत्या. उघड्या कंसाला एक रेघ, मिटलेल्याला त्या रेघेवर आडवी काट. भाजी निवडावी तसं.

"हा गेलाय," एका ठिकाणी त्या म्हणाल्या. "आला कुठे?"

"शेवटचा उघडाच असतो, सांगितलं ना."

"शेवटचा तो तिकडे, दाराशी. हा मधला आहे."

सूनबाई गुडघ्यांवर सरकत आली. कागद उचलला, पुढचे कागद चाळले, शेवटपर्यंत गेली, परत आली.

"आई, माझ्या प्रोग्रॅममध्ये कळेची वाट एकाच ठिकाणी बघितली जाते. एकाच. इथे दोन वाटा चालू आहेत."

"दुसरी कोण बघतंय?"

"पडद्यावरच्या चौकटीला आम्ही खिडकी म्हणतो. एका खिडकीखाली दुसरी असू शकते, खालची दिसत नाही. ही वाट खालच्या खिडकीत बघितली जातेय." तिनं ओठ चावला. "पण मी दुसरी खिडकी केलेलीच नाही."

"तिच्यात काय लिहिलंय?"

सुनेनं बोट ओळीवर ठेवलं. "तसाच पडदा. आपलाच. फक्त यादीत दोन नंबर आहे, आणि खाली आत एक."

"दोन तर आपला."

"हो. कळा आल्यात त्या अशा. दोन. आत. एंटर." ती थांबली. "पुन्हा एंटर."

कॉम्प्रेसर घुमत होता. मोठ्याबाईंनी पेन्सिल कानामागे ठेवली.

"किती वाजता?"

वेळ लिहिण्याची सोय सुनेनं स्वतः घातली होती. "अकरा चाळीस."

अकरा चाळीसला तो मोठ्याबाईंसमोर उभा होता. दोन्ही हात वर, पंजे उघडे. टिट्-टिट् त्यांनी ऐकलं होतं. इतकी वर्षं ऐकायची सवय, म्हणून मान वळवली नव्हती. आता आठवलं, की कळफलक तेव्हा त्या दोघांच्या मध्ये होता आणि त्याच्याजवळ कुणीच नव्हतं.

"पुन्हा छाप," त्या एवढंच म्हणाल्या. "हे कागद नीट नाहीत."

पुन्हा छापले. तसेच आले.

पाचला मुलगा आला, तो ठरवूनच आला होता. सुनेनं त्याला कागद दाखवायचा प्रयत्न केला. त्यानं बघितला नाही.

"आकडा प्रोग्रॅममधून येतो की नाही?"

"येतो."

"मग तिथे शून्य लिही. काही होवो, शून्य."

"अरे, म्हणजे आकड्याला अर्थच राहणार नाही! मला दोन दिवस दे. मला अजून कळलेलं नाही हे..."

"पाच दिवस दिले. बटाट्यांना कळत नाही ट्रेस-बीस. शून्य लिही! हवं तर दोनदा लिही!"

"तुझी आई नियम पाळते म्हणून तू जिवंत आहेस, माहितीये?"

"मला नका मध्ये ओढू," मोठ्याबाई म्हणाल्या. "भांडायचं तर सरळ भांडा."

सुनेनं लॅपटॉप ओढला, एक ओळ लिहिली, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. "घे. आता आत कुणी मेलं तरी शून्यच दिसेल. ट्रेस मात्र मी बंद करणार नाही."

पावणेसहाला माणसं बाहेर आली. मुकादम शेवटचा. त्यांना घरी पाठवून दिलं. पडद्यावर हिरवं शून्य होतं, टवटवीत.

"टाक अडसर," मुलगा म्हणाला. "टाक."

"नाही."

"आई, शून्य आहे समोर!"

"शून्य दिसतंय. आहे असं कुणी सांगितलं? तुझ्या बायकोच्या हातानं काढलेलं शून्य आहे ते. मी पण काढते भिंतीवर खडूनं."

त्यानं कपाळावर हात मारला. दोनदा. मग खुंटीवरचं जाड जाकीट ओढलं, कानटोपी चढवली, बिल्ला जाकिटावर लावला आणि दाबून दाबून बघितला. "मी स्वतः अकराव्या रांगेपर्यंत जाऊन येतो. मग तर लावशील? मग तर लावशील?"

मोठ्याबाईंना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि त्यांच्याकडे होता तो एक न मिटलेला कंस. पोरापुढे कागद नाचवून हसं करून घेणारी बाई त्या नव्हत्या. पुढे कितीतरी दिवस त्यांना वाटत राहिलं, की त्या दिवशी अब्रू सांभाळली आणि नको ते सोडलं.

"बॅटरी घे," त्या म्हणाल्या. "आणि बोलत राहा."

दोन. आत. एंटर. एंटर. टिट्-टिट्.

पट्ट्यांचा पडदा फडफडला आणि मिटला. जमिनीलगत पांढरी वाफ बाहेर आली, मोठ्याबाईंच्या पायांवरून गेली. पोर आत होतं, आणि पडद्यावर शून्य होतं.

"पहिली रांग!" आतून आवाज आला. "कुणी नाही, कुणी नाही!"

मोठ्याबाई दाराच्या कडेला हात धरून उभ्या राहिल्या. अडसर त्यांनी काढून भिंतीला टेकवला होता, कुणाचा धक्का लागून पडायला नको.

"चौथी! कुणी नाही, कुणी नाही!"

सून लॅपटॉप घेऊन स्टुलावर. ट्रेसच्या ओळी वर सरकत होत्या.

"सातवी! कुणी नाही, कुणी..."

मग पंख्यांच्या आवाजात बाकीचं गेलं.

मोठ्याबाईंनी मनात आठवी धरली, नववी धरली. अकरावीपर्यंत जायला आणि यायला किती वेळ लागतो हे त्यांच्या पायांना माहीत होतं. तेवढा वेळ गेला. त्यावर आणखी थोडा गेला.

"अरे!" त्यांनी हाक मारली. "ऐकू येतंय का?"

उत्तर आलं नाही.

"आई," सून म्हणाली. आवाज बारीक. "तो कंस. प्रोग्रॅम पुन्हा चालू केला तरी होताच तो. खालच्या खिडकीतला."

"त्याचं काय?"

"मिटला."

"कधी?"

"आत्ता. दोन, बाहेर असं आलंय."

मोठ्याबाईंनी कळफलकाकडे बघितलं. तो त्यांच्या कोपराजवळ होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

पट्ट्या हलल्या.

तो बाहेर आला. तेच जाकीट, तीच कानटोपी, छातीवर दोन नंबर. बॅटरी हातात, विझवलेली. गालावर लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याचा व्रण, जिथल्या तिथे.

"आत कुणी नाही," तो म्हणाला.

मोठ्याबाई थांबल्या. त्याचं पुढचं ऐकायला.

तो गप्प होता.

बोळात संध्याकाळचं ऊन होतं, उकडत होतं. थंडीतून या उकाड्यात आलं, की चष्म्याच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या होतात. चष्मा लागल्यापासून रोज बघितलं होतं त्यांनी. आंधळ्यासारखा भिंत चाचपत यायचा, शर्टाच्या टोकानं काचा पुसायचा, चढवायचा, उतरवून पुन्हा पुसायचा.

काचा स्वच्छ होत्या. त्यांतून तो सरळ मोठ्याबाईंकडे बघत होता.

टेबलाशी गेला. दोन. बाहेर. एंटर.

टिट्.

मोठ्याबाईंनी कान दिला. कॉम्प्रेसर घुमत होता. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं.

दुसरं आलं नाही.

"दार लाव, आई," तो म्हणाला. शांत, समजूतदार आवाजात. एकदाच.

मोठ्याबाईंनी त्याच्याकडे पाठ केली नाही. मान तेवढी सुनेकडे वळवली. "वाच."

सुनेचं बोट लॅपटॉपच्या काचेवर होतं, तिथून हलत नव्हतं. "नवा कंस उघडलाय. खालच्या खिडकीत. वेळ आत्ताचीच आहे." तिनं पुढची ओळ वाचली. "दोन. आत. एंटर..."

"एंटर," मोठ्याबाई म्हणाल्या.

सुनेनं मान हलवली.

तो भिंतीशी गेला होता. अडसर उचलायला हात पुढे केला होता. मोठ्याबाई त्याच्याआधी पोचल्या. साठी उलटलेली बाई, पण त्या लोखंडावर चाळीस वर्षांचा हक्क त्यांचा. दोन्ही हातांनी तो छातीशी धरला आणि उघड्या दारात, पांढऱ्या वाफेत, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"माझ्या पोराचं एकदा दाबून आजवर कधी भागलं नाही," त्या त्याला म्हणाल्या. "आत एक आहे. दार लागणार नाही. तू त्या स्टुलावर बस, आणि छातीवरचा बिल्ला काढून ठेव. तो तुझा नाही."